वेतोबाच्या झिजलेल्या चपला

कुणीतरी विचारलंय, लोककथेवर चित्र आणि गोष्ट असं दोन्ही करायचं तर आधी काय घ्यावं? माझ्यापुरतं उत्तर मिळालं ते सांगतो.

मी आरवलीचा वेतोबा घेतला होता. आमच्या वेंगुर्ल्याकडे लहानपणापासून ऐकलेली गोष्ट: देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि त्या झिजतात. पहिल्या चित्रात मी लाल डोळे, सुळे असलं काहीतरी काढलं. आई बघून म्हणाली, "अरे, ह्यो आपलो वेतोबा न्हय. आणि चपलांचो तळ झिजलेलो खंय दिसता?"

खरंच होतं तिचं. तो भिववणारा नाही, राखणदार आहे. मग चेहरा काढलाच नाही. मळ्याची मेर, टाचेकडे झिजलेली एक चपल, तिला लागलेला ओला चिखल, बस्स. गोष्ट त्या चपलेतूनच सुचली, चार ओळींत संपली.

चित्र आणि गोष्ट वेगळी काढायचीच कशाला, असं आता वाटतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीवर कथा गात पुढे न्यायची. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. जमल्यास पिंगुळीला जाऊन मूळ पोथ्या बघा. त्यातले ते मोठाले डोळे अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाहीत.

पुढचं चित्र देवचाराचं, म्हणजे कोकणातल्या गोष्टींतल्या राखणदार भुताचं करतोय. तुमच्या गावात त्याची गोष्ट कशी सांगतात, ते जरूर लिहा.