मदत हवी आहे: बॉल थेट रनिंग बॅककडे, मग क्वार्टरबॅक कडेला उभा राहून काय करतो?

मंडळी, न्यू जर्सीत येऊन चार वर्षं झाली, ऑफिसातल्या पोरांमुळे अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला, चार डाउन दहा यार्ड (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं) इथपर्यंत बरं चाललंय. पण परवा यूट्यूबवर सप्टेंबर २००८ च्या मायामी डॉल्फिन्स विरुद्ध पॅट्रियट्स मॅचचे हायलाइट्स बघितले आणि गाडी अडली. आदल्या सीझनला १६ पैकी फक्त १ मॅच जिंकलेल्या डॉल्फिन्सनी पॅट्रियट्सना त्यांच्याच घरी ३८-१३ धुतलं! सेंटर (मधला, बॉल मागे देऊन खेळ सुरू करणारा) बॉल सरळ रॉनी ब्राउनकडे टाकतोय, हा रनिंग बॅक ना, बॉल घेऊन पळणारा, आणि क्वार्टरबॅक (एरवी बॉल घेणारा, पास टाकणारा) पेनिंग्टन पार साइडलाइनजवळ, बसची वाट बघत असल्यासारखा. ब्राउनने पळून ४ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) केले, वर एक पासही टाकला. ह्याला वाइल्डकॅट म्हणतात एवढं कळलं, पण फायदा नक्की कसला?

प्रतिसाद: अरे साधा हिशोब आहे. नेहमी क्वार्टरबॅक बॉल हातात देतो आणि मग नुसता बघत बसतो, म्हणजे पळणारा धरून तुमचे कामाचे १०, समोर ११. इथे स्नॅप (सेंटरने मागे दिलेला बॉल) घेणाराच पळतो, त्यामुळे ब्लॉकिंगला (समोरच्यांना अडवायला) एक माणूस जास्त मिळतो, आणि कडेला उभा क्वार्टरबॅक कितीही निरुपयोगी वाटला तरी एका कॉर्नरबॅकला (कडेच्या बचावपटूला) तिकडे अडकवून ठेवतो. आता दुसऱ्या रनिंग बॅककडे, रिकी विल्यम्सकडे बघ, तो बाजूने जोरात पळत येतो, ब्राउन बॉल त्याला देतो किंवा दिल्यासारखं करून स्वतः मधून घुसतो, आणि डिफेन्सला त्या अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं कुणामागे जायचं. हे डोकं कोच डेव्हिड ली यांचं, आर्कान्सा युनिव्हर्सिटीत डॅरेन मॅकफॅडनला घेऊन हेच खेळायचे.

धागाकर्ता: आत्ता कळलं! मग सगळे हेच का नाही खेळत?

प्रतिसाद: कारण रनिंग बॅक लांब पास टाकणार नाही हे समोरच्यालाही कळतं, ते सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) पुढे आणून गर्दी करतात. म्हणून अधूनमधूनच. जानेवारी २०२० मध्ये टायटन्सच्या रनिंग बॅक डेरिक हेन्रीने रेव्हन्सविरुद्ध असाच स्नॅप घेतला, सगळे त्याला अडवायला धावले आणि पठ्ठ्याने उडी मारून ३ यार्डांचा टचडाउन पास टाकला. ती क्लिप बघच, पण बॉलकडे नको, लाइनबॅकर्सच्या (मधल्या फळीतल्या बचावपटूंच्या) पायांकडे बघ.