अल्फा-सिन्यूक्लीन विकत घ्यावे की प्रयोगशाळेतच तयार करावे?

धागाकर्ती (कालिना):
नमस्कार. मी पार्किन्सन्सवर पीएच.डी. करत असून मायक्रोग्लिया (मेंदूतील प्रतिकारपेशी) अल्फा-सिन्यूक्लीनला, म्हणजे या आजारात मेंदूत गोळे होऊन साठणाऱ्या प्रथिनाला, कसा प्रतिसाद देतात, हे बीव्ही-२ या उंदराच्या मायक्रोग्लियापासून बनवलेल्या पेशींवर तपासते आहे. त्यासाठी मानवी रिकॉम्बिनंट (जीवाणूंत मानवी जनुक घालून बनवलेले) प्रथिन मोनोमर (सुटे रेणू) आणि फायब्रिल (रेणू जुळून झालेले तंतू) अशा दोन्ही रूपांत हवे आहे. परदेशातून मागवलेली १०० मायक्रोग्रॅमची कुपी पाहता पाहता संपते. आमच्याकडे एफपीएलसी (प्रथिने वेगळी करून शुद्ध करणारे यंत्र) आहे, तेव्हा ई. कोलाय जीवाणूंमध्ये स्वतःच तयार करणे शहाणपणाचे ठरेल का?

जेलवाला (परळ):
अवश्य तयार करा, नवशिक्याला यापेक्षा सोपे प्रथिन क्वचितच मिळेल. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. पेशी फोडून मिळालेला द्रव उकळला की ई. कोलायची बहुतेक प्रथिने नासलेल्या दुधासारखी फुटून खाली बसतात आणि सिन्यूक्लीन वरच्या नितळ द्रवात राहते. मग आयन-एक्स्चेंज (विद्युतभारानुसार) आणि जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार) करून शुद्ध केले की झाले. वजन साधारण १४.५ किलोडाल्टन असले तरी प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टी १८च्या आसपास दिसते, तेव्हा घाबरू नका. मोजमापाबाबत मात्र सावध राहा. त्याच्या १४० अमिनो आम्लांत २८० नॅनोमीटरचा प्रकाश सर्वाधिक शोषणारे ट्रिप्टोफॅन एकही नाही, त्यामुळे त्या प्रकाशाचे शोषण (ओडी) मोजून ‘एक ओडी म्हणजे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम’ असे धरलेत, तर नळीत प्रत्यक्षात सुमारे २.४ पट प्रथिन असेल.

जुना पोस्टडॉक (पवई):
वरील सल्ला जैवभौतिकीच्या कामासाठी उत्तम आहे, पण मायक्रोग्लियासाठी अपुरा आहे. ई. कोलायच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हा दाह भडकवणारा पदार्थ प्रथिनासोबत येतो आणि टीएलआर४ या ग्राहीमार्फत याच पेशींना चेतवतो. माझे तीन महिने असेच वाया गेले: टीएनएफ-अल्फा या दाहदर्शक प्रथिनाची वाढ पाहून आम्ही खूश होतो, आणि नंतर कळले की रिकाम्या प्लाझ्मिडच्या (सिन्यूक्लीनचे जनुक नसलेले डीएनए-वर्तुळ घातलेल्या) ई. कोलाय पेशींपासून त्याच पद्धतीने काढलेला द्रवही तेवढीच वाढ दाखवतो. ते प्रथिन विकतचे होते आणि माहितीपत्रकात शुद्धता ९५ टक्के छापलेली होती. तो आकडा जेलवरचा. एंडोटॉक्सिन जेलवर दिसतच नाही. म्हणून विकत घेतलेत तरी प्रत्येक लॉटचा एलएएल चाचणीचा (एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी) आकडा मागा, आणि घरी केलेत तर ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने धुऊन पुन्हा मोजा. प्रथिन व हे डिटर्जंट थंडीत मिसळून ३७ अंशांवर नेले की द्रवाचे दोन थर होतात आणि एंडोटॉक्सिन डिटर्जंटच्या थरात जाते. उरलेले डिटर्जंट मात्र काढून टाकावे लागते, नाहीतर पेशी त्यानेच मरतात.

धागाकर्ती (कालिना):
मनःपूर्वक आभार. प्रथिन उकळून कंट्रोल (तुलनेचा नमुना) म्हणून वापरले तर चालेल का? आमच्या गटात तशी पद्धत आहे.

जुना पोस्टडॉक (पवई):
इतर प्रथिनांसाठी ती पद्धत ठीक आहे, कारण उकळल्यावर प्रथिन निकामी होते आणि एंडोटॉक्सिन टिकते. इथे दोन्ही टिकतात, मग त्या कंट्रोलमधून काय कळणार? त्याऐवजी एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन बी घालून पाहा आणि रिकाम्या प्लाझ्मिडचा द्रव प्रत्येक वेळी सोबत चालवा.

गोठवणपेटी (खारघर):
एक छोटी गोष्ट, पण पावसाळ्यात महत्त्वाची. कोरड्या पावडरची कुपी -८० अंशांवरून काढून लगेच उघडू नका. जुलैत आपल्याकडे काचेवर क्षणात दव धरते आणि पावडर ओलसर होते. आधी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मोनोमरचे लहान भाग करून गोठवा, आणि वापरण्याआधी १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा, म्हणजे आधीच जमलेले गोळे मोनोमरच्या नावाखाली पेशींवर जाणार नाहीत. फायब्रिल वापरण्यापूर्वी सोनिकेट करावेत (ध्वनिलहरींनी तुकडे करावेत), पण उघड्या टेबलावर नको. सांडलेले एक टक्का एसडीएस या डिटर्जंटने पुसा.

धागाकर्ती (कालिना):
ठरले: प्रथिन आम्हीच करू, आणि एलएएल किटची मागणी आजच नोंदवते. रिकाम्या प्लाझ्मिडचे कल्चर उद्या सोबतच लावते.