प्रति: जपानने मान्यता दिली, मग आपल्याकडे का नाही?

मज्जारज्जूच्या इजेवरच्या स्टेम सेल उपचाराबद्दल 'जपानने मान्यता दिली म्हणजे उपचार सिद्धच झाला' असं वर दोघांनी लिहिलंय. तसं नाहीये. २०१८ च्या अखेरीस 'स्टेमिरॅक'ला (रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल वाढवून परत देण्याच्या उपचाराला) मिळालेली मान्यता सशर्त आणि मुदतीची होती, तीही १३ रुग्णांच्या चाचणीवर. त्यातल्या १२ जणांची इजेच्या तीव्रतेची श्रेणी सुधारली खरी, पण तुलनेला हा उपचार न दिलेला दुसरा गटच नव्हता. ही श्रेणी ठरते कशी, तर स्नायूंची ताकद बघायची आणि कापूस आणि टाचणी घेऊन अंगावरची एकेक जागा तपासायची, 'टोचतंय की नुसतं लागतंय?' विचारत. मी फिजिओ आहे. सुरुवातीला 'ए' (इजेखाली ना संवेदना, ना हालचाल) लिहिलेले काही रुग्ण दोन-तीन महिन्यांत 'बी' (थोडी संवेदना), क्वचित 'सी'मध्ये (थोडी हालचालही) गेलेले मी बघते, कुठल्याही पेशी न टोचता. त्या चाचणीत स्टेमिरॅक नेमकं याच सुरुवातीच्या काळात दिलं होतं. मग श्रेय कुणाला द्यायचं? जुन्या इजेला तर ती मान्यता लागूच नव्हती.

भावासाठी स्टेम सेल उपचाराचं 'पॅकेज' विचारणाऱ्यांना एक सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. आणि 'करून बघायला काय जातं' म्हणाल, तर नाकातलं अस्तर मज्जारज्जूत बसवलेल्या एका तरुणीच्या पाठीत ८ वर्षांनी शेंबडासारखा स्राव करणारी गाठ सापडली होती. ऑपरेशन करून काढावी लागली.