रवांडा : द्वेष पसरवणारा रेडिओ सलोखाही घडवू शकतो का?

प्रश्न

पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी रवांडावर प्रबंध लिहीत आहे. जुलै १९९३ मध्ये सुरू झालेले ‘आरटीएलएम’ हे खासगी नभोवाणी केंद्र रवांडातील अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या लोकांना ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळे म्हणत असे, आणि एप्रिल १९९४ पासून बहुसंख्य हुतू समाजातील अतिरेक्यांनी सुमारे १०० दिवस केलेल्या तुत्सींच्या हत्याकांडात तर तेथून माणसांची नावे आणि लपण्याची ठिकाणेही सांगितली गेली. डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरवले. एवढा भाग मला समजला आहे. मात्र अशा समाजात माध्यमे शांततेसाठी नेमके काय करू शकतात, आणि त्याने खरोखर काही बदलते का, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

तुम्ही ‘मुसेकेवेया’ या नभोवाणी मालिकेपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. किन्यारवांडा भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नवी पहाट’ असा आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत बुमांझी आणि मुहुमुरो या दोन काल्पनिक गावांमध्ये जमिनीवरून वैर धुमसू लागते, आणि दोन्हीकडची काही तरुण मुले आपापल्या पुढाऱ्यांच्या विरोधात उभी राहतात. हुतू आणि तुत्सी हे शब्द मालिकेत येत नाहीत, तरी ऐकणाऱ्याला सारे कळते.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी या मालिकेचा वर्षभर अभ्यास केला आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही वस्त्यांमधील लोकांनी एकत्र बसून ही मालिका ऐकली, तर काहींनी आरोग्यविषयक मालिका ऐकली. मुसेकेवेया ऐकणाऱ्यांची वैयक्तिक मते फारशी बदलली नाहीत. बदलली ती ‘आपल्या गावात काय बोललेले चालते, कसे वागलेले चालते’ याविषयीची त्यांची समजूत. शेवटी प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि मालिकेच्या कॅसेट भेट देण्यात आल्या. आरोग्यमालिकेच्या गटांनी त्या बहुधा चर्चेविना गावातील अधिकारी व्यक्तीच्या हवाली केल्या. मुसेकेवेयाच्या गटांमध्ये मात्र कोणीतरी हरकत घेई, वाद होई, आणि ही वस्तू सर्वांची असल्याने ती सर्वांनी मिळून सांभाळावी, असा विचार पुढे येई. अधिकाऱ्याच्या शब्दावरून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हरकतीचे मोल कळते. माझ्या दृष्टीने संपूर्ण अभ्यासातील हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद २

वरील मुद्द्याला एक जोड देतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक स्कॉट स्ट्राउस यांनी हत्याकांडातील सहभागाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या अनेक गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा रेडिओपेक्षा प्रत्यक्ष दारात येऊन सामील होण्यास भाग पाडणाऱ्या माणसांचा दबाव अधिक निर्णायक होता, असे त्यांना आढळले. म्हणून ‘रेडिओने माणसे पेटवली’ हे वाक्य प्रबंधात सरसकट लिहू नका. त्या केंद्राचा दोष याने कमी होत नाही. पण चार माणसांसमोर ‘नाही’ म्हणण्याची हिंमत जिथे संपली, तिथेच शांततेच्या पत्रकारितेने काम करायचे आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मग बातमीचे काय? मालिका काल्पनिक असते, बातमीदाराला तर खरे मृत्यू सांगावे लागतात.

प्रतिसाद ३

त्यासाठी शेजारच्या बुरुंडीकडे पाहा. तेथे १९९५ मध्ये, यादवी युद्ध सुरू असतानाच, ‘स्टुडिओ इजांबो’ स्थापन झाला आणि हुतू व तुत्सी बातमीदार तेथे एकत्र काम करू लागले. जो समाज बातमीदाराचे नाव ऐकून बातमीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवतो, तेथे दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून पडताळलेली बातमी निराळ्याच वजनाने ऐकली जाते. मृत्यू लपवायचा नाही. परंतु त्याची शहानिशा होण्याआधी तो सूडाचे कारण म्हणून प्रसारित करायचा नाही, एवढी शिस्त तेथे प्राणांइतकी मोलाची ठरते.

मात्र हे काम राजसत्तेच्या मर्जीवर किती अवलंबून असते, हेही अवश्य लिहा. मे २०१५ मधील फसलेल्या उठावानंतर बुरुंडीतील प्रमुख खासगी नभोवाणी केंद्रांवर हल्ले झाले, ती बंद पडली, आणि अनेक पत्रकारांना देश सोडावा लागला.