सबाल्टर्न कोण? सालदार, ठेकेवाला की कोलाम पोड?

प्रश्न (दारव्हा तालुका): वाचन गटात इटलीचे विचारवंत ग्राम्शी आणि अभ्यासक गायत्री स्पिवाक सुरू आहेत. दोघांनी सबाल्टर्नवर, म्हणजे सत्तेबाहेर दबलेल्या लोकांवर, लिहिलंय. सालदार (सालभराच्या बोलीवर राबणारा गडी), पाच एकर कोरडवाहूवाला, दुसऱ्याचं वावर ठेक्याने करणाऱ्याची विधवा, कोलाम आदिवासींच्या पोडावरचं (वस्तीवरचं) कुटुंब, यांत सबाल्टर्न कोण? मजूरवर्ग म्हटल्यावर भागत नाही का?

धुरेकरी: नाही भागत. ग्राम्शींनी तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत सबाल्टर्न गटांचं लक्षण सांगितलं ते असं: त्यांचा इतिहास तुकड्यातुकड्यांचा असतो आणि एकी होऊ लागली की वरचे ती मोडतात. दक्षिण इटलीचा शेतकरीही त्यांच्या डोळ्यासमोर होता, फक्त कारखान्यातला कामगार नव्हे. इतिहासकार रणजित गुहांनी १९८२ मध्ये व्याख्या आणखी रुंद केली: एकूण लोकांतून अभिजन, म्हणजे वरचा सत्ताधारी वर्ग, वजा करा, उरतील ते सबाल्टर्न. गोची इथेच आहे. पाच एकरवाला आणि त्याचा सालदार एकाच बाजूला पडतात, मग मजुरीचं भांडण दिसेनासं होतं. सधन शेतकरी वेळ आली की अभिजनांच्या बाजूने जातो, हे गुहांनीच नोंदलंय. त्यामुळे जमीन कोणाची आणि मजुरी कोण देतो, हे आधी विचारा.

कपाशी७: स्पिवाक यांच्या १९८८ च्या लेखाबद्दल. सबाल्टर्नला बोलता येत नाही असं त्यात म्हटलंय, पण म्हणजे ती मुकी आहे असं नव्हे. तिचं म्हणणं नोंदवून घेईल असा रकानाच नसतो. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी मदतीचं प्रकरण बघा. २००६ च्या शासन निर्णयाने १ लाख मिळतात, ३० हजार धनादेशाने आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी शेतजमीन, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा, हे सगळं तपासतात. ठेकेवाल्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, पैसा बहुधा बिनपरवाना सावकाराचा असतो. विधवेने जबाबात सगळं खरं सांगितलं तरी प्रकरण अपात्र ठरतं. तुमच्या यादीत या व्याख्येला सगळ्यात जवळची तीच. असा जबाब वाचताना उत्तराआधी प्रश्न शोधा: काय विचारलं आणि काय विचारलंच नाही?

प्रश्नकर्ता: आणि पोड?

धुरेकरी: तिथे आपलं म्हणणं नोंदवायला थोडी वाट आहे. वनजमिनीच्या हक्काचा दावा करताना वनहक्क नियम १३ प्रमाणे दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं कथन लिहून घेतलं तर ते पुरावा धरतात. मात्र एकट्या कथनावर दावा ठेवू नका, एकाहून अधिक पुरावे लागतात. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान यांची नोंद सोबत जोडा. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. कथन ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावात घ्या आणि दाव्याची तारखेसह पोच घ्या.