वाझू: वीज गेली की इशाऱ्यांचा पूर येतो, स्वतःचे नियम कसे लिहावेत?

मांजराकाठ (प्रश्न)
नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाचे सर्व्हर आणि नेटवर्क मी एकटाच सांभाळतो. सर्व स्विच, फायरवॉल आणि दोन लिनक्स सर्व्हर यांचे लॉग (घटनांच्या नोंदी) वाझूवर, म्हणजे त्या तपासून इशारे देणाऱ्या सुरक्षा प्रणालीवर, येतात. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून तीन-चार वेळा वीज जाते. सर्व्हर खोलीतील मुख्य स्विच यूपीएसवर असल्यामुळे तो चालू राहतो आणि मजल्यांवरचा एकेक स्विच बंद पडत जाईल तशी ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/५, चेंज्ड स्टेट टू डाउन’ अशी ओळ पाठवत राहतो. वीज परत आली की तेवढ्याच ओळी ‘अप’च्या येतात. या गर्दीत गेल्या आठवड्यात एसएसएचवर (सर्व्हरमध्ये दुरून प्रवेश करण्याची सोय) झालेले घुसखोरीचे खरे प्रयत्न माझ्या नजरेतून सुटले. मूळ नियमांच्या फाइलमध्येच मी या इशाऱ्याची पातळी (गांभीर्याचा आकडा) कमी केली होती, परंतु आवृत्ती अद्ययावत केल्यावर तो बदल पुसला गेला. नियम नेमके कोठे आणि कसे लिहावेत?

गोदाकाठ
मूळ फाइलला हात लावू नये, कारण अद्ययावत करताना ती नव्याने लिहिली जाते. आपले नियम लोकल रूल्सच्या फाइलमध्ये ठेवावेत आणि त्यांना १,००,००० ते १,२०,००० या दरम्यानचे क्रमांक द्यावेत. मूळ नियमच बदलायचा असेल, तर तो लोकल फाइलमध्ये उतरवून त्यावर ‘ओव्हरराइट’ ही खूण लावता येते. मात्र बहुतेक वेळा त्याची गरज नसते, मूळ नियमाचा क्रमांक ‘इफ-सिड’मध्ये देऊन त्याखाली आपला उपनियम टांगला की काम भागते.

पातळीच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. स्विचच्या ओळीत ‘लिंक-३-अपडाउन’ असे येते, त्यातील ३ हा सिसलॉगचा (उपकरणे लॉग पाठवतात त्या पद्धतीचा) गांभीर्याचा आकडा आहे आणि तेथे ० सर्वांत गंभीर, तर ७ सर्वांत किरकोळ असतो. वाझूमध्ये हे बरोबर उलटे आहे: आकडा जितका मोठा, तितकी घटना गंभीर. मूळ मांडणीत ३ आणि त्यावरील पातळीच्या घटना इशारा म्हणून नोंदल्या जातात व मेलची सोय चालू केली असल्यास १२ आणि त्यावरील घटनांचाच मेल जातो.

आपल्या अडचणीसाठी मी असे सुचवेन. एकट्या ‘डाउन’ ओळीला पातळी ३ द्यावी, म्हणजे तिची नोंद राहील पण मेल येणार नाही. त्यावर दुसरा नियम लिहावा, ज्यात ‘इफ-मॅच्ड-सिड’मध्ये पहिल्याचा क्रमांक, फ्रिक्वेन्सी ६ आणि टाइमफ्रेम १२० सेकंद असेल (म्हणजे १२० सेकंदांत तशा सहा ओळी आल्या की तो लागेल), त्याचे वर्णन सरळ ‘इमारतीची वीज गेली असावी’ असे ठेवावे आणि ‘इग्नोर’ ६०० सेकंद द्यावे, म्हणजे दहा मिनिटे तोच इशारा पुन्हा वाजणार नाही. फायरवॉलकडे जाणाऱ्या पोर्टसाठी मात्र वेगळा उपनियम पातळी १२ वर ठेवावा, कारण तो पोर्ट यूपीएसवरच्या दोन उपकरणांमधला आहे आणि तो वीज गेल्यामुळे पडण्याचे काहीच कारण नाही.

बालाघाट
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त वैतागून पातळी ० देऊ नका. त्या पातळीचा इशारा कोठेच नोंदला जात नाही, आणि सर्व मूळ ओळी साठवण्याची सोय आपण स्वतः चालू केल्याशिवाय बंदच असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवणे अपेक्षित आहे, हे विसरता कामा नये.

एसएसएचचे म्हणाल, तर अस्तित्वात नसलेल्या नावाने प्रवेशाचा प्रयत्न झाला की ५७१० हा नियम लागतो आणि तसे अनेक प्रयत्न थोड्या वेळात झाले की ५७१२. हे तयार नियम पुरेसे आहेत. पण तीच पद्धत प्रवेश अर्जांच्या संकेतस्थळाला जशीच्या तशी लावू नका. आमच्याकडे जूनमध्ये एका सेवा केंद्रातून अनेक विद्यार्थी एकाच सार्वजनिक आयपीवरून अर्ज भरत होते आणि पासवर्ड चुकवत होते. ‘एकाच आयपीवरून आठ अपयशी प्रयत्न’ या माझ्या नियमाने अख्खे केंद्रच अडवले. दूरध्वनीवर मला जे ऐकावे लागले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. आता तेथे मी आयपीऐवजी एकाच युजरच्या नावावर अपयश मोजतो, आणि आयपीवर मोजतो ते केवळ नोंदीत नसलेल्या नावांचे प्रयत्न.

मांजराकाठ
दोघांचेही आभार. नियम लिहिले, परंतु वीज गेल्यावर एकही लागला नाही. कोठे चुकले असावे?

गोदाकाठ
वाझू-लॉगटेस्ट हे नियम तपासण्याचे साधन चालवून त्यात स्विचची खरी ओळ जशीच्या तशी चिकटवा. ते तीन टप्पे दाखवते: आधी वेळ व यजमानाचे नाव वेगळे होते, मग डिकोडर (ओळीतील माहिती ओळखून वेगळी करणारा भाग) लागतो आणि शेवटी नियम. दुसऱ्या टप्प्यात डिकोडरचे नाव दिसले नाही, तर नियमात कितीही फेरफार करून उपयोग नाही.

मांजराकाठ
नेमके तेच निघाले. स्विच ओळीच्या सुरुवातीला स्वतःचा एक अनुक्रमांक जोडत होता, त्यामुळे डिकोडर लागत नव्हता. स्विचवरील अनुक्रमांक बंद केला, लॉगटेस्टमध्ये तिसरा टप्पा दिसला आणि मग वाझूचा मॅनेजर (मुख्य सेवा) पुन्हा सुरू केला. आज दुपारी वीज गेली तेव्हा एकच इशारा आला.