फझी म्हणजे संभाव्यता नव्हे

फझी लॉजिक, म्हणजे हो-नाहीच्या मधल्या पायऱ्याही मोजणारं तर्कशास्त्र, हे संभाव्यतेलाच दिलेलं दुसरं नाव आहे असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. उद्या पाऊस पडेल का, ही संभाव्यता; उद्या रात्रीपर्यंत उत्तर मिळतंच. पण 'स्टेशनजवळचं घर' यातलं 'जवळ', घर डोळ्यांसमोर असूनही हो-नाहीत बसत नाही. संशोधक लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये ० ते १ मधली सदस्यता, म्हणजे एखादी गोष्ट 'जवळ'सारख्या वर्णनात कितपत बसते याचा आकडा, आणली ती यासाठी.

१९७० मध्ये गणितज्ञ रिचर्ड बेलमन आणि झादे यांनी मांडलेली निर्णयाची रीत मला फार आवडते. त्यात उद्दिष्ट आणि बंधन दोन्ही एकाच मापाने मोजतात. समजा, एका घराला भाड्यासाठी ०.८, अंतरासाठी ०.६ मिळाले, तर घराचे गुण ०.६, म्हणजे दोन्हींतला लहान आकडा. मग ज्याचा हा आकडा सर्वांत मोठा, ते घर घ्यायचं. भाड्यात १ पण अंतरात ०.५ असलेलं घर सरासरीत पुढे गेलं असतं. इथे मागे राहतं, आणि रोज पायपीट करणाऱ्याला ते बरोबरच वाटेल.

डेटाबेसचंही तेच. साध्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, भाडं '२०,००० पर्यंत' लिहिलं की स्टेशनला लागून असलेलं २०,१०० चं घर यादीतच येत नाही. संशोधक बॉस्क आणि पिव्हेर यांच्या एसक्यूएलएफमध्ये, म्हणजे एसक्यूएलच्या फझी रूपात, 'स्वस्त' असं विचारता येतं. मग तेही येतं, जरा कमी गुणांनी.